व्हेल शार्क पाहण्यासाठी डोनसोलला जावे की ओस्लोबला? सोबत आई आणि मुलगी आहेत

बोडीकाठ (चिमूर तालुका, जि. चंद्रपूर) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. आमचे गाव ताडोबाच्या कोलारा प्रवेशद्वाराजवळ आहे. गेली अकरा वर्षे मी सफारीचा गाईड म्हणून काम करतो आणि पावसाळ्यात कोर क्षेत्र बंद असते तेव्हा घरच्या धानाच्या बांध्या सांभाळतो. माझा पुतण्या फिलिपाइन्समधील दावाओ शहरात वैद्यकीय शिक्षण घेत आहे. शिक्षण पूर्ण करून तो परतण्यापूर्वी आम्ही एकदा त्याच्याकडे येऊन जावे, असा त्याचा फार दिवसांपासूनचा आग्रह आहे. ऐन हंगामात दहा दिवसांची सुटी घेणे मला परवडणारे नाही, तरीही फेब्रुवारीच्या अखेरीस जाण्याचे आम्ही ठरवले आहे. मी, माझी पत्नी, आठवीत शिकणारी मुलगी आणि अडुसष्ट वर्षांची आई असे चौघे जाणार आहोत. दावाओमध्ये पुतण्याकडे पाच दिवस राहिल्यावर आमच्या हातात पाच दिवस उरतात आणि ते एखाद्या लहानशा समुद्रकाठच्या गावात घालवावेत, असा विचार आहे.

मुलीने व्हेल शार्कची चित्रफीत पाहिल्यापासून तिच्या डोक्यात दुसरा विषय नाही. पुतण्याच्या म्हणण्याप्रमाणे सेबू बेटावरील ओस्लोब येथे गेल्यास मासा हमखास दिसतो, कारण तेथे त्याला रोज खाऊ घातले जाते. त्याच्या एका वर्गमित्राने मात्र लुझोन बेटावरील डोनसोलचे नाव सुचवले आहे. तेथे खाऊ घालत नाहीत आणि मासा दिसेलच असे कोणी सांगत नाही. आमच्याकडे पर्यटक जिप्सीत बसताच 'आज वाघ नक्की दिसेल ना?' असे विचारतात, आणि गेली अकरा वर्षे मी त्यांना एकच उत्तर देत आलो आहे की जंगलात नक्की असे काही नसते. आता परदेशी जाण्याचा खर्च डोळ्यांसमोर आल्यावर तोच प्रश्न माझ्याही ओठांवर आला आहे, हे कबूल करताना मला थोडे ओशाळल्यासारखे होते.

ज्यांनी ही गावे प्रत्यक्ष पाहिली आहेत त्यांनी कृपया सांगावे की डोनसोलमध्ये मासा न दिसल्यास बाकीचे दिवस वाया जातात, की पाहण्यासारखे आणखी काही आहे? मी आणि माझी मुलगी विहिरीत पोहायला शिकलो आहोत, पण समुद्रात कधी उतरलेलो नाही; एवढ्या शिदोरीवर हे जमेल काय? आणि आईला पोहता येत नसल्याने तिला तेथे नेऊन दिवसभर किनाऱ्यावर बसवून ठेवणे योग्य ठरेल काय?

वर्धाकाठ (वणी, जि. यवतमाळ) यांचे उत्तर

भाऊ, मी शाळेत भूगोल शिकवते आणि दोन वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यात आम्ही उभयता डोनसोलला चार दिवस राहून आलो आहोत. म्हणून माझे उत्तर थोडे एका बाजूला झुकलेले असेल, हे आधीच सांगून ठेवते.

डोनसोल हे लुझोनच्या दक्षिणेकडील बिकोल प्रदेशात, सोर्सोगोन प्रांतात आहे. नदीच्या मुखाशी वसलेले, मासेमारी आणि नारळाच्या बागांवर जगणारे हे गाव १९९८ पर्यंत बाहेरच्या जगाला फारसे ठाऊक नव्हते. त्या वर्षाच्या आरंभी हौशी पाणबुड्यांनी येथील व्हेल शार्कचे चित्रण केले, बातमी पसरली आणि बातमीच्या मागोमाग शिकारीही आले. तेव्हा मार्च १९९८ मध्ये फिलिपाइन्स सरकारने व्हेल शार्क पकडण्यावर देशभर बंदी घातली. स्थानिक लोक या माशाला 'बुटांडिंग' म्हणतात. तो असतानाही गावकऱ्यांना त्याचे अप्रूप नव्हते. जाळे फाडणारा मोठा मासा एवढीच त्याची ओळख होती, असे आमच्या नावाड्याने सांगितले. हे ऐकून तुम्हाला तुमच्या भागातील जुन्या लोकांचे वाघाविषयीचे बोलणे आठवेल.

आता प्रत्यक्ष कसे चालते ते सांगते. गावापासून थोड्या अंतरावर डानकालान येथे पर्यटक केंद्र आहे. तेथे सकाळी नाव नोंदवायचे, शुल्क भरायचे आणि नियमांची एक चित्रफीत पाहायची. ती पाहिल्याशिवाय नावेत बसू देत नाहीत. नावेला तेथे 'बांका' म्हणतात. अरुंद लाकडी होडी असते आणि ती कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना बांबूचे लांब पंख बांधलेले असतात. एका नावेत सहाच्या आसपास पाहुणे, चालक, उंचावर उभा राहून पाण्यावर नजर ठेवणारा टेहळ्या, आणि प्रशिक्षण घेतलेला एक मार्गदर्शक असतो. त्या मार्गदर्शकाचे अधिकृत पदनाम 'बुटांडिंग इंटरॅक्शन ऑफिसर' असे भारदस्त असले, तरी काम अगदी तुमचेच आहे. फेरी साधारण तीन तासांची असते.

टेहळ्याला पाण्याखाली काळसर सावली दिसली की तो हात करतो, नाव माशाच्या वाटेच्या पुढे नेली जाते, आणि मार्गदर्शक सांगेल त्या क्षणी पाण्यात उतरायचे असते. येथे विचार करायला वेळ नसतो. पहिल्या दिवशी आम्हाला तीन तासांत काहीही दिसले नाही. नावेच्या काठावर पाय सोडून, पाण्याखाली पाहण्याचा मुखवटा तोंडाला बांधून आम्ही उन्हात बसून राहिलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशी दीड तासाने हाक आली. मी उतरले, पाण्यात तोंड घातले, आणि हिरवट धुक्याशिवाय काहीच दिसेना. मग त्या धुक्यातून पांढरे ठिपके पुढे सरकू लागले, आणि आपण ज्याला समुद्राचा तळ समजत होतो ती माशाची पाठ आहे, हे ध्यानात यायला मला काही क्षण लागले. तो घाई करत नव्हता, तरी त्याच्या बरोबरीने पोहताना माझी दमछाक झाली, आणि मिनिटभरात तो खाली उतरून दिसेनासा झाला.

पाण्याच्या हिरवटपणाविषयी मुलीला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिचा विरस होईल. चित्रफितींत दिसते तसे निळे, काचेसारखे पाणी तेथे नसते. डोनसोल नदी आणि तिच्या काठची खारफुटी समुद्रात पोषकद्रव्ये आणून सोडतात, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, वाढतात आणि ते खायलाच हा मासा येतो. पाणी गढूळ आहे म्हणून मासा आहे. हंगाम साधारण डिसेंबर ते मे असा असतो आणि त्यातही फेब्रुवारी ते एप्रिल हे महिने चांगले मानतात, त्यामुळे तुमची वेळ योग्य आहे. मात्र एखाद्या वर्षी भरपूर आणि एखाद्या वर्षी अगदी तुरळक असे तेथे होत आले आहे. म्हणून नावेची फेरी एकाच दिवसाची ठेवू नका; दोन तरी ठेवा.

नियम पुढीलप्रमाणे आहेत: माशाला हात लावायचा नाही, डोक्यापासून तीन आणि शेपटीपासून चार मीटर अंतर राखायचे, एका माशाजवळ एका वेळी एकच नाव आणि सहाच माणसे, तीही दहा मिनिटांपेक्षा जास्त नाहीत, प्रकाशाचा झोत टाकून छायाचित्र काढायचे नाही, पाठीवर हवेची टाकी घेऊन बुडी मारायची नाही. गर्दीच्या दिवशी हे सारे काटेकोर पाळले जाते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. आमच्या डोळ्यांदेखत दोन नावा एकाच माशाकडे धावल्या होत्या आणि मार्गदर्शकांची आपसांत बोलाचाली झाली होती. पण नियम कोणता मोडला हे तेथे प्रत्येकाला ठाऊक होते.

विहिरीत सूर मारण्याची सवय असली तरी नळीतून तोंडाने श्वास घेत, मान खाली घालून पोहणे वेगळे आहे. ते आधी शिकून घ्या. अंगात जीवरक्षक जाकीट घालू देतात आणि भीती वाटणाऱ्याला मार्गदर्शक हाताला धरून ओढत नेतो; माझ्या यजमानांना त्याने तसेच नेले.

मत्स्यगंध (भंडारा) यांचे उत्तर

मी नागपूरला मत्स्यविज्ञानाचे शिक्षण घेतले असून सध्या तलावांतील मत्स्यबीजाचे काम पाहतो. ताईंनी प्रत्यक्ष अनुभव सांगितला आहेच. ओस्लोब आणि डोनसोल यांत निवड करताना माशाचा स्वभाव माहीत असलेला बरा, म्हणून थोडे त्याविषयी लिहितो.

नावात व्हेल असले तरी हा देवमासा नाही. हा मुशीच्या कुळातील, कल्ल्यांनी श्वास घेणारा मासा आहे आणि आज हयात असलेल्या सर्व माशांत तो सर्वांत मोठा आहे. त्याची लांबी १८ मीटरच्या घरात गेल्याच्या नोंदी आहेत, मात्र पर्यटकांना दिसणारे बहुतेक मासे त्याहून पुष्कळ लहान, वयात न आलेले असतात. तो तोंड उघडून पाणी आत घेतो आणि त्यातील प्लवक, माशांची अंडी, बारीक कोळंबी गाळून खातो. म्हणजे माणसाला त्याच्यापासून धोका नाही. शेपटीचा तडाखा बसू नये एवढीच काळजी. तो एका जागी राहणारा नाही. अन्न जेथे दाटेल तेथे जायचे आणि संपले की शेकडो किलोमीटर पुढे सरकायचे, असे त्याचे आयुष्य आहे.

ओस्लोबमध्ये सुमारे २०११ पासून या भटक्या माशाला 'उयाप' नावाची बारीक कोळंबी टाकून किनाऱ्याजवळ थांबवले जाते. काही मासे त्यामुळे महिनोन्महिने तेथेच रेंगाळतात, नाव दिसली की अन्न मिळणार असे शिकतात, आणि जेथे नावेला भ्यायला हवे तेथेही तिच्याजवळ जातात. अंगावर नावांच्या पंख्यांचे व दोऱ्यांचे व्रण असलेले मासे तेथील अभ्यासकांनी नोंदवले आहेत. आपल्याकडे पाणवठ्यावर रोज बकरी बांधून वाघ दाखवायला सुरुवात केली तर काय होईल, याचा विचार बोडीकाठ भाऊंनी करून पाहावा. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळेल.

या माशाच्या पाठीवरील ठिपक्यांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असते, जसे वाघाचे पट्टे. तुमच्याकडे ट्रॅप कॅमेऱ्यातील पट्टे जुळवून वाघ ओळखतात. येथे पर्यटकांनी व संशोधकांनी काढलेल्या छायाचित्रांतील ठिपके जुळवतात. त्यासाठी वापरलेली गणिती रीत मुळात खगोलशास्त्रज्ञांनी आकाशातील ताऱ्यांचे नकाशे जुळवण्यासाठी तयार केली होती आणि २००५ मध्ये ती व्हेल शार्ककरिता बदलून घेण्यात आली. मुलीला हे जरूर सांगा. तिने कल्ल्यांच्या मागच्या डाव्या बाजूचे स्पष्ट छायाचित्र काढले, तर ते अशा नोंदीत उपयोगी पडू शकते.

डोनसोलच्या शेजारी पिलार नावाचे गाव आहे. तेथे मार्च २००९ मध्ये शेपटीला दोरी बांधून ठेवलेले व्हेल शार्कचे अवघे ३८ सेंटिमीटर लांबीचे पिल्लू सापडले आणि ते मोजून, छायाचित्र काढून पुन्हा समुद्रात सोडण्यात आले. इतके लहान जिवंत पिल्लू त्यापूर्वी क्वचितच कोणी पाहिले होते, त्यामुळे हा मासा त्या परिसरात जन्मही घेत असावा, अशी शक्यता पुढे आली. तैवानमध्ये १९९५ साली पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे ३०० पिल्ले आढळली होती, ही त्याच्या जन्माविषयीची तोवर हाती असलेली मुख्य माहिती होती.

आपलाही या कथेत वाटा आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर, विशेषतः वेरावळकडे, या माशाची तेलासाठी व मांसासाठी मोठी शिकार होत असे. २००१ मध्ये भारताने त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत, बसवले. त्यानंतरच्या वर्षी त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणण्याचा प्रस्ताव भारत आणि फिलिपाइन्स यांनी मिळून मांडला आणि तो मंजूर झाला.

पुसदकर (पुसद, जि. यवतमाळ) यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे वाचली. ओस्लोबला जाऊन आलेला या चर्चेत मी एकटाच दिसतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

सेबू शहरापासून ओस्लोब सुमारे तीन-साडेतीन तासांच्या रस्त्यावर आहे आणि दावाओहून सेबूला थेट विमान असल्याने तुमच्या सोयीचे आहे. तानावान नावाच्या वस्तीसमोर, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर हे मासे येतात. पहाटेच रांग लागते. वल्ह्याच्या लहान होड्यांतून नेतात, अर्ध्या तासाची वेळ मिळते आणि दुपारच्या आत सर्व आटोपते. माझी आई सत्तरीची आहे, तिला पोहता येत नाही, आणि तिने होडीत बसूनच तीन मासे अगदी जवळून पाहिले. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. ज्या मच्छीमारांची घरे या पैशावर उभी राहिली, मुले शिकली, त्यांना दूर बसून बोल लावणे मला जमत नाही.

परंतु खरे सांगायचे तर मला स्वतःला त्या अर्ध्या तासात काहीतरी खटकत राहिले. समोर एक माणूस पिशवीतून कोळंबी टाकत होता, मासा उभा होऊन तोंड वासून त्याच्यामागे जात होता, आणि आजूबाजूला आम्ही तीस-चाळीस माणसे एकमेकांच्या लाथा चुकवत छायाचित्रे काढत होतो. शनिवार-रविवार तर टाळाच.

गाव म्हणून मात्र ओस्लोब नीटनेटके आहे. समुद्राकाठी पोवळ्याच्या दगडांत बांधलेली स्पॅनिश काळातील सैनिकी इमारत आहे, तिला 'क्वार्तेल' म्हणतात. अमेरिकन सत्ता आल्यावर तिचे काम थांबले, म्हणून ती आजही बिनछपराची उभी आहे. शेजारचे जुने चर्च २००८ मध्ये आगीत जळाले होते आणि पुढे ते दुरुस्त करण्यात आले. तुमालोग धबधबा पडद्यासारखा बारीक धारांनी पडतो, पण उन्हाळ्याकडे त्याला पाणी कमी असते. समोरच्या सुमिलोन बेटाभोवती १९७४ मध्ये देशातील पहिले सागरी संरक्षित क्षेत्र करण्यात आले. तेथील प्रवाळ पाहण्यासारखे आहे आणि पाणीही ताईंनी सांगितलेल्या हिरवट पाण्यासारखे नाही, चांगले स्वच्छ आहे. मला विचाराल तर ओस्लोबला जाऊनही व्हेल शार्क सोडून सुमिलोनला एक दिवस द्यावा.

बोडीकाठ यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. मत्स्यगंध भाऊंनी बकरीचे उदाहरण दिले आणि माझा निम्मा निर्णय तेथेच झाला. २०२४ च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवल्याचे प्रकरण गाजले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, तेव्हापासून आमच्या गाईड मंडळींत या विषयावर रोज बोलणे होते. एका वाघामागे किती गाड्या आणि किती वेळ, हे आम्ही अजून भांडून ठरवत आहोत, आणि तिकडे समुद्रात, जेथे रस्ताही आखता येत नाही, तेथे एक मासा, एक नाव, दहा मिनिटे असा नियम लिहून ठेवला आहे. तो कधी मोडतही असेल, पण तो मला डोळ्यांनी पाहायचा आहे.

आता ताईंना दोन गोष्टी विचारतो. आईचे काय करावे? आणि जेवणाचे काय? आई व पत्नी पूर्ण शाकाहारी आहेत.

वर्धाकाठ यांचे उत्तर

भाऊ, आईंना नावेवर नेऊ नका. नावेतूनही कधीकधी पाण्याखालची सावली दिसते, पण तीन तास ऊन आणि हेलकावे सोसण्याच्या मानाने ते फार थोडे आहे. त्यांच्यासाठी डोनसोलमध्ये माझ्या मते माशापेक्षाही चांगली गोष्ट आहे, ती म्हणजे संध्याकाळची नदीवरची फेरी. ओगोद नदीवर अंधार पडल्यावर होडीतून नेतात. पाणी संथ असते, इंजिन मंद केलेले असते, आणि काठच्या खारफुटीतील काही निवडक झाडे काजव्यांनी भरलेली असतात. सगळ्याच झाडांवर काजवे नसतात. दहा झाडे काळोखी आणि अकरावे असे, की जणू कोणी त्यावर दिवाळी मांडली आहे. पुष्कळदा ते एका लयीत उघडमीट करतात. मेळघाटात पावसाच्या तोंडावर काजवे पाहिलेल्या माणसालाही हे वेगळे वाटेल, कारण येथे झाडाचे प्रतिबिंब खाली पाण्यातही लुकलुकत असते. शक्यतो चांदणे नसलेली रात्र निवडा. पंचांग आईंकडे असेलच, त्यांनाच तिथी पाहायला सांगा. होडीवाल्याने विजेरी झाडावर मारली तर त्याला नम्रपणे थांबवा, आमच्या होडीतील एका पाहुण्याने तोच हट्ट धरला होता.

दुसरा दिवस लेगाझपीकडे द्या. डोनसोलहून व्हॅनने तासाभराहून थोडा अधिक वेळ लागतो आणि तुमचे विमानही तिकडेच, दारागा येथे २०२१ मध्ये सुरू झालेल्या बिकोलच्या नव्या विमानतळावर उतरेल. दावाओहून मनिलामार्गे जाता येईल. मायोन ज्वालामुखी त्याच परिसरात आहे. उंची सुमारे २,४६० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून आठशे मीटरहून अधिक, आणि तीही जवळजवळ समुद्रसपाटीपासून एकदम उठलेली, त्यामुळे डोंगर शाळेतल्या मुलाने पट्टी घेऊन काढल्यासारखा दिसतो. मी वर्गात ज्वालामुखीचा शंकू फळ्यावर पंचवीस वर्षे काढत आले, पण तो खरोखर इतका रेखीव असू शकतो यावर माझाच विश्वास नव्हता. पायथ्याशी कागसावाचे अवशेष आहेत. १ फेब्रुवारी १८१४ च्या उद्रेकात ते गाव गाडले गेले, हजाराहून अधिक माणसे मेली, आणि आज चर्चचा काळवंडलेला मनोरा तेवढा गवतातून वर आलेला दिसतो. आम्ही गेलो तेव्हा डोंगर ढगात होता. सकाळी लवकर गेलात तर मोकळा दिसण्याची शक्यता अधिक. ज्वालामुखी जागृत असल्याने सहा किलोमीटरच्या परिघात जाण्यास मनाई असते, आणि तेथील ज्वालामुखी व भूकंप संस्था इशाऱ्याची पातळी जाहीर करते ती निघण्यापूर्वी पाहून घ्या.

जेवणाविषयी स्पष्टच सांगते, शाकाहाऱ्यांना तेथे त्रास होतो. भाजीतही कोळंबीची खारवलेली चटणी किंवा माशांचे पाणी घालतात आणि त्याला ते मांसाहार समजत नाहीत. 'लाइंग' नावाचा त्यांचा पदार्थ म्हणजे आपल्या धोप्याची पाने नारळाच्या दुधात शिजवलेली. फार चवदार असतो, पण त्यात सुकी मासळी किंवा डुकराचे मांस बहुधा असतेच. मुक्कामाच्या घरी आधी सांगून ठेवले तर वेगळे करून देतात. आमच्या घरमालकिणीने दिले. एक गोष्ट मात्र आपल्याला मानवते: सबंध फिलिपाइन्समध्ये तिखट खाणारे म्हणून बिकोलचे लोकच प्रसिद्ध आहेत. भिवापुरी मिरचीवर वाढलेल्या माणसाला तेथे परके वाटणार नाही. पिली नावाच्या झाडाच्या बिया बदामासारख्या असतात, त्यांची गुळा-साखरेतील मिठाई घरी आणण्याजोगी आहे. सोबत पातळ पोह्यांचा चिवडा, भाजलेले बेसन आणि शिजवायला तांदूळ-डाळीची कोरडी खिचडी न्या. पेसो साधारण दीड रुपयाच्या आसपास आहे, त्या हिशेबाने खर्चाचा अंदाज घ्या, आणि रोख पैसे लेगाझपीतच काढून घ्या.

भिवापूरचा वाटाड्या (जि. नागपूर) यांचे उत्तर

मिरचीचे नाव निघाले म्हणून लिहितो. मीही अभयारण्यात गाईड आहे. बोडीकाठ भाऊ, तेथे गेल्यावर एवढे विचारून या: त्यांच्याकडे मासा दिसला नाही तर पर्यटक शुल्क परत मागतात काय, आणि नावांची पाळी कोण लावते? आमच्याकडे सगळ्या कुरबुरी या दोन गोष्टींवरून होतात. ते मार्गदर्शक बहुतांशी मच्छीमारांच्या घरचे आहेत असे ऐकतो. हंगाम नसताना ते काय करतात, हेही विचारा.

जाता जाता व्हिसाचे सांगतो. जून २०२५ पासून भारतीय पासपोर्टधारकांना पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो. परतीचे तिकीट, मुक्कामाचा पुरावा आणि किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो, आणि पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत प्रवासाची ऑनलाइन नोंदणी करावी लागते. तुमचे दहा दिवस त्यात बसतात. आईंचा पासपोर्ट काढला नसेल तर आजच अर्ज करा, कारण पोलीस पडताळणीला आपल्या भागात किती दिवस लागतील ते कोणी सांगू शकत नाही.

बोडीकाठ यांचा प्रतिसाद

पासपोर्टचे काम गेल्या महिन्यातच झाले आहे, आईच्या जन्मतारखेवरून दोन खेटे पडले तेवढेच. आता आमचा बेत असा ठरला आहे: डोनसोलला तीन रात्री, नावेच्या दोन फेऱ्या, त्यांपैकी पहिलीला मी आणि मुलगी, दुसरीला जमल्यास पत्नीही, काजव्यांची फेरी सगळ्यांनी मिळून, आणि चौथ्या दिवशी पहाटे निघून मायोन व कागसावा पाहून लेगाझपीत मुक्काम. ओस्लोब या वेळी नाही. पुतण्याला फोन करून सांगितले तेव्हा तो म्हणाला, 'काका, एवढा खर्च करून मासा दिसला नाही तर मला बोल लावू नका.'

आईने पंचांग काढून पाहिले. आम्ही तेथे असू त्या रात्री नेमके चांदणे येत आहे, म्हणून आम्ही आधी डोनसोल आणि नंतर दावाओ असा क्रम उलटा करता येतो काय, ते पाहत आहोत. मुलगी घरच्या पाण्याच्या टाक्यात तोंड बुडवून सरावाला लागली आहे. ताई, तो मुखवटा आणि नळी तेथे भाड्याने मिळते काय, की नागपूरहून विकत घेऊन जावी?

वर्धाकाठ यांचे उत्तर

डानकालानला भाड्याने मिळते. पण मुलीच्या चेहऱ्याला घट्ट बसेल असा मुखवटा तेथे मिळेलच असे नाही. माझ्या मुखवट्यात सगळा वेळ पाणी शिरत होते. तिच्यापुरता एक घरून न्या.